मूठभर लाकूड

‘तू पिस्तूल चालवतेस?’

हा प्रश्न आला की विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काय आहे ते मला लगेच कळतं. कॉलेजातल्या मुलांच्या डोळ्यांसमोर काउंटर-स्ट्राइक असतं. बिल्डिंगमधल्या काकूंच्या डोळ्यांसमोर ‘सीआयडी’ असतं. आमच्या आजीच्या डोळ्यांसमोर तर थेट पोलीस ठाणंच असतं! तेव्हा मंडळी, आधीच तुमची निराशा करून टाकते. मी चालवते ते पिस्तूल हवेवर चालतं. त्यातून साडेचार मिलिमीटर व्यासाची, जेमतेम अर्ध्या ग्रॅमची शिशाची गोळी सुटते. तिला ‘पेलेट’ म्हणतात. ती दहा मीटर जाते आणि कागदाला भोक पाडते. आवाज म्हणाल तर सोड्याची बाटली फोडल्यासारखा. हे पिस्तूल ठेवायला लायसन्ससुद्धा लागत नाही. आणि खरं सांगायचं तर ते माझं नाहीच, क्लबचं आहे. माझी आहे ती फक्त त्याची मूठ.

या मुठीबद्दलच लिहायचंय.

आमच्या वर्गात एक महाशय आहेत (नाव सांगत नाही, दोन केट्या अजून बाकी आहेत त्यांच्या). कॅन्टीनमध्ये चहा घेता घेता ते मला मोबाइलवर ‘प्रॅक्टिकल शूटिंग’चे व्हिडिओ दाखवतात. तो वेगळाच खेळ आहे. टायमरचा बीप वाजला की खेळाडू कमरेचं पिस्तूल काढतो, धावतो, भिंतीआडून, खिडकीतून वेगवेगळ्या टार्गेट्सवर गोळ्या मारतो, धावता धावता मॅगझिन बदलतो. या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना, आयपीएससी, १९७६ साली अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात कोलंबिया या गावी स्थापन झाली. तिच्या लॅटिन बोधवाक्यातल्या तीन शब्दांचा अर्थ अचूकता, ताकद आणि वेग. गुण मोजायची पद्धत आपल्याला आवडेल अशी आहे. मिळालेले गुण भागिले लागलेला वेळ, याला म्हणायचं ‘हिट फॅक्टर’. २० सेकंदांत १०० गुण म्हणजे हिट फॅक्टर ५. म्हणजे नुसतं अचूक असून भागत नाही आणि नुसतं फास्ट असूनही भागत नाही.

या खेळातल्या वरच्या गटात पिस्तुलं अक्षरशः रेसच्या गाडीसारखी ट्यून केलेली असतात. नळीच्या तोंडाशी ‘कॉम्पेन्सेटर’ बसवतात. तो गोळीमागचा गॅस वरच्या बाजूला सोडतो, त्यामुळे झटक्याने वर उसळणारं तोंड खाली दाबलं जातं. वर इलेक्ट्रॉनिक लाल ठिपक्याचं साइट. मॅगझिन चटकन आत जावं म्हणून खालचं तोंड नरसाळ्यासारखं रुंद केलेलं.

‘आपण पण करूया ना असं काहीतरी! मेकॅनिकलवाले आहोत शेवटी!’ इति महाशय.

आता हे ‘आपण’ करायला गेलो तर आजीच्या डोळ्यांसमोरचं पोलीस ठाणं खरं ठरेल. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे. त्या खेळात सर्रास वापरलं जाणारं ९ एमएम पिस्तूल आपल्याकडे ‘प्रोहिबिटेड बोअर’मध्ये येतं, म्हणजे सर्वसामान्य नागरिकाला मिळत नाही. परवान्यावर किती शस्त्रं ठेवायची याचीही मर्यादा २०१९ च्या दुरुस्तीने तीनवरून दोनवर आली. आणि परवाना हातात असला तरी घरी बसून शस्त्रात फेरफार करणं चालत नाही. त्या कामालाही वेगळा परवाना लागतो. म्हणून पार्ल्यातल्या मुलीने पिस्तुलात ‘मॉडिफिकेशन’ करायचं ठरवलं, तर तिच्या हातात काय उरतं? लाकूड. मुठीचं लाकूड कायदेशीरपणे कितीही घासा, कोणी काही बोलत नाही.

मला ते घासावं लागलं त्याचं कारण मात्र हौस हे नव्हतं.

पार्ले पूर्वेला एका इमारतीच्या तळमजल्यावर दहा मीटरची छोटी रेंज आहे. चार लेन, एक पंखा आणि एक सर. फर्स्ट इयरला असताना मी तिथे जायला लागले. क्लबची पिस्तुलं परदेशी आहेत, चांगली आहेत, पण ती घेतली तेव्हा शूट करणारे सगळे पुरुष होते. त्यामुळे मुठी मोठ्या मापाच्या. माझा हात लहान. ग्लोव्हजच्या दुकानात मला मुलांच्या मापाचे ग्लोव्हज देतात. मूठ पकडली की तळहात आणि लाकूड यांच्यामध्ये पेन सरकेल एवढी फट राहायची, आणि बोट ट्रिगरपर्यंत पोचवण्यासाठी सगळा पंजा उजवीकडे फिरवून घ्यावा लागायचा. दोन वर्षं मी अशीच शूट करत होते. स्कोअर ५२०-५३० च्या आसपास. मग गेल्या वर्षी जूनमध्ये अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं. आधी फक्त रेंजवर. मग ड्रॉइंग काढताना. मग ट्रेनमध्ये दांडा पकडताना, आणि शेवटी डब्याचं झाकण उघडतानासुद्धा.

हाडांच्या डॉक्टरांनी अंगठा मुडपून मनगट खाली वाकवून बघितलं. मी ओरडलेच. ते म्हणाले, अंगठ्याच्या शिरेच्या आवरणाला सूज आहे. सहा आठवडे पूर्ण विश्रांती. आणि नंतर पुन्हा तेच केलंत तर पुन्हा हेच होणार.

घरी आल्यावर बाबा म्हणाले, ‘शेवटचं वर्ष आहे. प्लेसमेंट आहे. आता पुरे कर.’ आई काहीच बोलली नाही, पण तिने माझा डबा उघडून दिला. तेव्हा मात्र मला रडू आलं. विद्यापीठाच्या निवड चाचणीला चार महिने होते आणि ती द्यायची ही माझी शेवटचीच संधी होती.

सरांना सांगितलं. सर म्हणजे रेल्वेतून रिटायर झालेले, बोलायला पैसे पडतात असं वागणारे. त्यांनी माझा हात हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, ‘हात बदलता येणार नाही बाई. मूठ बदल.’ मग त्यांनी कपाटातून एक जुनी मूठ काढली. अक्रोडाच्या लाकडाची, एका बाजूला तडा गेलेली, कोणी वापरत नसलेली. ‘ही घे. क्लबच्या मुठीला हात लावू नकोस.’ नवीन, लहान मापाची मूठ जर्मनीहून मागवता येते, पण कस्टम ड्यूटीसकट तिची किंमत ऐकल्यावर मी तो विषय बाबांपुढे काढलाच नाही.

मंडळी, आता थोडं इंजिनीअरिंग. झोपू नका!

पिस्तूल साधारण साडेनऊशे ग्रॅमचं. हात पूर्ण लांब केला की ते खांद्यापासून ६५ सेंटिमीटरवर येतं. म्हणजे खांद्यावर पिस्तुलाचाच मोमेंट सहा न्यूटन-मीटरच्या आसपास, हाताचं वजन वेगळं. आणि हे एकदा नाही. स्पर्धेत ६० शॉट्स असतात, वेळ ७५ मिनिटं. त्याआधी सरावाचे शॉट्स. शिवाय उचलून नको वाटलं म्हणून खाली घेतलेले वेगळेच. सगळं धरून शंभराहून जास्त वेळा हात वर.

आता नेम. टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटर व्यासाचं असतं. म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. पेलेटच्या कडेने त्याची रेघ नुसती शिवली तरी दहा धरतात. म्हणून पेलेटचा मध्य केंद्रापासून आठ मिलिमीटरच्या आत पडला की काम झालं. हात थरथरतो म्हणून नेम चुकतो असं सगळ्यांना वाटतं. पण गणित बघा. पूर्ण हात, पिस्तुलासकट, सरळ एक मिलिमीटर उजवीकडे सरकला तर गोळीही एकच मिलिमीटर सरकते. काही बिघडत नाही. पण मनगट वळून पुढचं साइट मागच्या खाचेत एक मिलिमीटर सरकलं तर? दोन साइट्समधलं अंतर ३२ सेंटिमीटर, टार्गेट १० मीटरवर. समरूप त्रिकोण मांडा. गोळी ३१ मिलिमीटर लांब जाते. म्हणजे दहावरून थेट सातवर! आठ मिलिमीटरच्या आत राहायचं तर साइटमधली चूक पाव मिलिमीटरच्या आत पाहिजे.

थरथर असूनही दहा मारता येतात, पण मनगट वाकडं असेल तर नाही. आणि मनगट सरळ ठेवणारी गोष्ट म्हणजे मूठ. म्हणूनच नेमबाज मुठीपायी एवढे वेडे होतात.

मूठ बरोबर आहे की नाही हे तपासायची एक सोपी युक्ती आहे. पिस्तूल पकडायचं, डोळे मिटायचे, हात उचलून टार्गेटच्या दिशेने धरायचा, एक श्वास, आणि डोळे उघडायचे. पुढचं साइट मागच्या खाचेत बरोबर मधोमध दिसलं तर मूठ तुमची. माझं दर वेळी डावीकडे दिसायचं. डोळे उघडल्यावर मी ते मनगट वळवून मधोमध आणत होते. दोन वर्षं, दर शॉटला. अंगठ्याची शीर सुजली नसती तरच नवल.

सहा आठवड्यांच्या विश्रांतीत शूटिंग बंद होतं, कानस बंद नव्हती. (डाव्या हाताने घासत होते, आईची शपथ.) पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये आपण सगळ्यांनी तो फिटिंगचा जॉब कानस मारमारून केला आणि सरांच्या नावाने बोटं मोडली, आठवतंय? त्या जॉबचा उपयोग मला चौथ्या वर्षी कळला. आधी तड्यात इपॉक्सी भरून मूठ शिकंज्यात दोन दिवस ठेवली. मग अर्धगोल कानस घेऊन बोटांच्या खाचा जवळ आणल्या आणि मागची बाजू उतरवली, म्हणजे बोट ट्रिगरवर सरळ पोचेल. बोटाच्या पहिल्या पेराचा मांसल भाग ट्रिगरवर पडला पाहिजे आणि दाब सरळ मागे गेला पाहिजे, तिरका नाही.

मग भर घालायचं काम. एम-सील मळून जिथे फट होती तिथे लावलं, हाताला टाल्कम पावडर चोपडली आणि मूठ पकडून टीव्हीसमोर बसले. अर्धा तास हलायचं नाही. आजीने विचारलं, ‘काय गं, हळद लावल्यासारखी बसलीयेस?’ हात सोडवला तर लाकडावर माझ्या तळहाताच्या रेषा! ज्योतिषाला दाखवायला हरकत नव्हती. सुकल्यावर पुन्हा कानस, मग ८०, १२०, २२० नंबरचा पॉलिश पेपर. मग डोळे मिटून तपासणी. थोडं उजवीकडे. पुन्हा घासणं. असं अकरा वेळा झालं. शेवटी सेंटर पंचने सगळ्या मुठीवर बारीक टोचे मारले, कारण मुंबईच्या घामात गुळगुळीत लाकूड साबणासारखं निसटतं.

नियमही पाळायचे असतात. पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत बसलं पाहिजे. वजन दीड किलोच्या आत. हाताच्या कडेखाली टेकणारी फळी वर वळवून हात जखडायचा नाही. मनगट मोकळं दिसलं पाहिजे, त्याला कसलाही आधार नको. ट्रिगर कमीत कमी ५०० ग्रॅमचा. स्पर्धेआधी ते ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन लावून उचलून बघतात. ते सुटलं की तुम्ही घरी! आपल्या युनिव्हर्सिटीच्या एक्स्टर्नलपेक्षा हे लोक कडक असतात.

आता खरी गोष्ट. सहा आठवड्यांनी नवीन मूठ लावून शूट केलं तर स्कोअर किती आला असेल? ५२६! महाशय म्हणाले, ‘एवढं घासून काय मिळालं?’ मिळालं हे, की दुखत नव्हतं. मूठ फक्त अडथळा काढून देते. दहा मारून देत नाही. तो भाग वेगळा शिकावा लागतो आणि त्याला मॉडिफिकेशन नाही.

सरांनी पेलेट्स काढून घेतल्या. तीन आठवडे फक्त ‘ड्राय’. पांढऱ्या भिंतीसमोर उभं राहायचं, हात उचलायचा, पुढच्या साइटवर नजर ठेवायची आणि रिकामा ट्रिगर दाबायचा. टार्गेटच नाही, त्यामुळे दहाचा मोह नाही. ‘टक्’ झाल्यावर साइट हललं का एवढंच बघायचं. डोळा एका वेळी एकाच अंतरावर फोकस करू शकतो, म्हणून साइट स्पष्ट आणि टार्गेट धूसर दिसलं पाहिजे. हे कळायला एक मिनिट लागतं, पाळायला वर्षं. कारण हात डुलत डुलत मधोमध आला की मन ओरडतं, ‘आता! दाब!’ आणि दाबलं की झटका बसून सात. डुलणं मान्य करायचं आणि बोट मात्र एकसारखं मागे आणत राहायचं. आठ-दहा सेकंदांत सुटला नाही तर हात खाली. पुन्हा सुरुवात. हे खाली घेणंच सगळ्यात कठीण जातं. वायव्हात ‘सर, माहीत नाही’ म्हणण्याइतकं कठीण!

घरी हॉलच्या भिंतीसमोर मी रोज रात्री शंभर वेळा हात उचलत होते, हातात पिस्तूल नव्हे, पाण्याची बाटली. पहिल्या आठवड्यात बाबा पेपरआडून बघायचे. दुसऱ्या आठवड्यात ते घड्याळ घेऊन बसायला लागले.

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये तुर्कस्तानचे युसुफ डिकेच एक हात खिशात घालून शूट करताना दिसले आणि सगळं जग म्हणालं, काय बेफिकीर माणूस! पण एअर पिस्तूल एकाच हाताने मारतात, आणि मोकळा हात लोंबकळत राहिला तर अंग हलतं, म्हणून सगळेच तो खिशात घालतात किंवा पट्ट्यात अडकवतात. त्यातली बेफिकिरी म्हणजे हजारो तासांचा ड्राय सराव. उपकरण दगा देतं तेव्हा काय होतं हेही आपण पाहिलंय. २०२१ मध्ये टोकियोत मनू भाकरचं पिस्तूल पात्रता फेरीतच बिघडलं. दुरुस्तीत पंधरा मिनिटांहून जास्त वेळ गेला. तरी तिने ५७५ मारले. अंतिम फेरी ५७७ ला हुकली. तीच मुलगी २०२४ मध्ये पॅरिसहून दोन ब्रॉन्झ घेऊन आली.

आणि ज्यांना वेगच हवाय त्यांच्यासाठी आपल्या कोल्हापूरची राही सरनोबत आहे. तिच्या २५ मीटर पिस्तूलमध्ये वेगाच्या भागात हात ४५ अंशांत खाली ठेवायचा, टार्गेट फक्त तीन सेकंद दिसतं, तेवढ्यात उचलून एक गोळी. आपल्या देशात ‘प्रॅक्टिकल’च्या जवळ जाणारं काही असेल तर हेच. २०१८ च्या एशियाडला पालेम्बांगमध्ये बरोबरी झाल्यावर दोनदा शूट-ऑफ खेळून तिने सुवर्ण जिंकलं. एशियाडमध्ये नेमबाजीचं सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. त्याआधी कोपराच्या दुखापतीमुळे ती बराच काळ बाहेर होती, हे मला माझ्या सहा आठवड्यांत कितीदा आठवलं असेल!

माझी मूठ एका अ‍ॅलन कीने निघते. क्लबचं पिस्तूल आम्ही तिघी वापरतो, त्यामुळे शूट झालं की मी माझी मूठ काढते, जुनी बसवते आणि माझी रुमालात गुंडाळून डब्याच्या पिशवीत ठेवते. पार्ले स्टेशनवर एकदा बॅग तपासताना पोलीसकाकांनी विचारलं, ‘हे काय?’ मी सांगितलं, पिस्तुलाची मूठ. त्यांनी ती हातात घेतली, पकडायचा प्रयत्न केला, त्यांची बोटं काही खाचांत बसेनात. ‘लई बारकी आहे,’ म्हणाले आणि परत दिली.

निवड चाचणीत माझ्या सहा सिरीज अशा होत्या: ९१, ९३, ९०, ९२, ९४, ९३. बेरीज ५५३. माझा सगळ्यात चांगला स्कोअर. यादीत नाव आलं ते राखीव म्हणून. मी संघाबरोबर गेले, तिथे एकही शॉट मारला नाही, इतरांच्या पेलेट्स मोजल्या आणि पाण्याच्या बाटल्या भरल्या. वाईट वाटलं का? वाटलं. टोकियोचे ५७५ आणि माझे ५५३ यांच्यात २२ गुणांचं अंतर आहे, आणि ते किती लांब आहे हे आता मला नीट दिसतं. पण साठ शॉट्स झाल्यावर डब्याचं झाकण मी स्वतः उघडलं.

सध्या रेंजवर आठवीतली एक डावखुरी मुलगी येते. क्लबकडे डाव्या हाताची मूठच नाही. उजव्या मुठीशी झटापट करताना तिचं मनगट कुठे वळतं ते मला लांबूनच दिसतं. सरांनी कपाट उघडून बघितलं आणि या वेळी तिथेही काही नव्हतं. म्हणून मी लाकडाचा ठोकळा आणलाय. वर्कशॉपच्या सरांनी शनिवारी दुपारी शिकंजा वापरायची परवानगी दिली आहे. कानसा दोन आहेत आणि हात मात्र माझे दोनच, त्यातला एक अजून जपायचाय. तेव्हा ज्यांना फर्स्ट इयरच्या फिटिंग जॉबचा सूड उगवायचा असेल त्यांनी शनिवारी अडीच वाजता यावं. चहा माझ्याकडून. महाशय येणार आहेत.

— अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी